नखाखालची लाली

बुधवार, ४ ऑक्टोबर १९३३

आज डॉक्टरसाहेबांनी कोळीवाड्याला रक्त शिकवलं. अहाहा! काय तो सोहळा!

डॉ. टिपणीस पंधरवड्यातून एकदा टांग्यातून येतात, मी केलेल्या कामाखाली आपली सही ठोकतात, पाटलाकडे जेवतात आणि जातात. बाकीचे दिवस हा दवाखाना म्हणजे मी एकटी — नर्स वेणूबाई, पांढरं लुगडं, मोकळं कपाळ, आणि बाटल्यांचं एक कपाट. लोकांना आरोग्याचे धडे द्या असा वरून हुकूम आला असणार, म्हणून आज तक्ता आला. सोललेला माणूस, अंगभर तांबड्या-निळ्या नाड्या. तो धरून उभं राहायचं काम अर्थातच माझं. हात वर करून इतका वेळ उभी होते की बोटांना मुंग्या आल्या.

"हृदयातून निघालेलं रक्त प्रत्येक अवयवाला पोचतं," साहेब खुर्चीत बसून सांगत होते. "मेंदू असो, यकृत असो, नाहीतर करंगळीचं टोक असो. रक्त मिळालं तर अवयव जगतो, तुटलं तर मरतो. तिथे लहान-मोठा भेद नाही!" ऐकणारे सगळे खाली वाळूत बसले होते.

म्हाताऱ्या कोंडाजी तांडेलाने मधेच विचारलं, "सायेब, दर्यावर थंडीत बोटं बधिर होतात. तवा रगत कुटं जातं?" साहेब म्हणाले, प्रश्न शेवटी. शेवट काही आलाच नाही — पाटलाकडचं पापलेट निवत होतं ना!

मग मीच सांगितलं कोंडाजीला. म्हटलं, जीवावर बेतलं की शरीर बाहेरच्यांचं रक्त काढून आतल्यांना देतं. काळीज राखायला बोटं सोडून देतं. म्हातारा खो खो हसला. "म्हंजे आमच्या पाटलासारखं!"

उद्या त्याची होडी निघते. मुलगा अनंता बरोबर आहे. आठवडाभराने येतील म्हणे.

शुक्रवार, ६ ऑक्टोबर

कोंडाजीची सून राही आली. वीस वर्षांची पोर, लग्नाला वर्ष व्हायचंय. मासळी निवडताना शिंगाळ्याचा काटा डाव्या तळहातात घुसला. मी काटा काढला, सोसेल तितक्या गरम पाण्यात हात बुडवून बसवली. कळ सोसताना ओठ चावत होती, पण तोंडातून हूं की चूं नाही.

मग मी म्हटलं, बांगड्या उतरव, हात सुजणार आहे.

असं म्हटल्याबरोबर तिची सासू चंद्राबाई माझ्या आणि तिच्या मधे येऊन उभी! चंद्राबाई म्हणजे काय सांगावं — बाजारात तिने भाव सांगितला की गिऱ्हाईक घासाघीस करायचं विसरतं. "बाय, येडी का खुळी तू? होरी भायेर हाय!"

म्हणजे नियम असा. होडी दर्यावर असेपर्यंत बायकोने बांगडी काढायची नाही. एखादी वाढली, म्हणजे फुटली, तर त्या क्षणी दुसरी भरायची. हात रिकामा म्हणजे नवरा गेला. नियम कोणी केला कोण जाणे, पण करणाऱ्याचा हात सुजलेला नव्हता एवढं नक्की.

शनिवार, ७ ऑक्टोबर

सुजलाच! मनगट पावासारखं फुगलंय. डझनभर हिरव्या बांगड्या मांसात रुतून बसल्यात, एकही फिरत नाही. मी तिच्या बोटाचं नख दाबून पाहिलं. दाबलं की पांढरं पडतं, सोडलं की लाली परत यायला हवी. आली — पण रुसलेल्या जावयासारखी, अगदी सावकाश.

चंद्राबाईला समजावून सांगायला गेले. म्हटलं, रक्त आत येण्याच्या वाटा खोल असतात, परत जाण्याच्या वरवर असतात. बांगडीने वरच्या आधी बंद पडतात. आत येतंय, बाहेर जात नाही, म्हणून हात फुगतो. फुगला की बांगडी आणखी आवळते. मग आत यायचंही थांबेल. खारात पाणी बाहेर सोडायची उघाडी बंद पडली की पाणी साचून शेत कुजतं ना, तसं!

"आमी कोली," ती म्हणाली. "शेती आगऱ्यांची. त्यांना जाऊन सांग."

वर मी बांगडीला नुसतं बोट लावलं तर तिने माझा हात झटकला. "तू नको हात लावू. तुजा हात..." पुढचं बोलली नाही. नाही बोलली तरी कळतं हो! हिच्या लेकीची दोन्ही बाळंतपणं याच हातांनी केली. नातवंडं जगात आणायला हे हात चालले. बांगडीजवळ गेले की विटाळ!

साहेबांना बोलावणं धाडलं.

रविवार, ८ ऑक्टोबर

साहेब आले. रविवारचे आले, म्हणून आधी उपकार मोजून दाखवले.

हात पाहिला. मान हलवली. "बांगड्या काढायला हव्यात," असं इंग्रजीत म्हणाले — माझ्याशी, हळूच. मी म्हटलं, मराठीत सांगा, आणि मोठ्याने सांगा, बाहेर सगळा वाडा उभा आहे. तेव्हा साहेबांना एकाएकी घाम फुटला. रुमाल काढला. "वेणूबाई, हा धार्मिक प्रश्न. उद्या ती होडी बुडाली तर? माझ्या नावाने शिमगा होईल. सरकारी माणसाने अशा भानगडीत पडू नये."

आणि बुधवारी कोण ते करंगळीच्या टोकाच्या हक्काबद्दल बोलत होतं? तो तक्त्यातला माणूस बहुतेक!

शेक सांगितला, हात उंच टांगून ठेवा म्हणाले, टांग्यात बसले. पाटलाकडे जेवायलासुद्धा थांबले नाहीत, यावरून काय ते समजावं.

सोमवार, ९ ऑक्टोबर

पाटलाच्या अंगणात सभा! विठोबा पाटील मधे, शहाणे भोवती, आणि जिचा हात ती राही कोपऱ्यात. अकलेचे असे तारे तुटले की दिवाळी दहा दिवसांवर आहे हे मी विसरले. एक म्हणाला साबण लावा. साबण कालच संपवलाय मी. दुसरा म्हणाला दोरा गुंडाळून ओढा. तिसऱ्याने शिंगाळ्याच्या डोक्याची राख लावायला सांगितली. त्याला म्हटलं, आधी तुझ्या डोक्याला लाव.

मग मी म्हटलं, डाव्या हातातल्या फोडा आणि उजव्या हातात नव्या भरा. हात रिकामा राहणार नाही, नियम राहील, पोरगी राहील. झालं ना?

सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी भर सभेत लुगडं फेडलं.

पाटील मोठ्या मायेने म्हणाला, "नर्सबाय, उजवा हात दर्याचा." तेव्हा आठवलं. यांच्यात लग्नात नवरीच्या उजव्या हातातल्या बांगड्या दर्यात सोडतात — माझा नवरा सांभाळ म्हणून. तो हात मग जन्मभर मोकळा. म्हणजे एक हात दर्याला दिला, दुसरा नवऱ्याला. बाईच्या स्वतःच्या वाट्याला काय येतं हे विचारलं, तर बायकाच फिदीफिदी हसल्या.

निर्णय झाला: होडी येईपर्यंत थांबायचं. वारा पडलाय. शीड हलत नाही. पण थांबायचं!

सभा मोडल्यावर मी राहीला बाजूला घेतलं. म्हटलं, तू बोल ना, बाई, हात तुझा आहे. एका घावात मोकळी करते तुला.

ती म्हणाली, "हात दोन हायेत, बाय. नवरा एकच हाय."

मला इतका राग आला! मूर्ख पोरगी! आणि घरी येऊन रडले. तिच्या हातासाठी की कशासाठी ते मला सांगता येत नाही.

सोमवार, संध्याकाळी

लिहिल्याशिवाय राहवत नाही. माझे हे तापाच्या साथीत गेले तेव्हा माझ्या दोन्ही हातांत कोपरापर्यंत बांगड्या होत्या. एकही पिचलेली नव्हती. मी जपत होते ना! भांडी घासतानासुद्धा वर सारून घासायची. तरी ते गेले. ते गेल्यावर दोन बायकांनी माझे हात उंबऱ्यावर धरले आणि तिसरीने दगड घातला. तेव्हा कुणी पाटलाची सभा बोलावली नाही. मनगटातून रक्त आलं ते माझ्या सासूने माझ्याच पदराने पुसलं.

त्या बांगड्यांनी कसली राखण केली, हे विचारायचंय मला. कुणाला विचारू?

मंगळवार, १० ऑक्टोबर

करंगळी निळी. गार. नख दाबलं, सोडलं. लाली आली नाही.

पुन्हा दाबलं. नाही.

बाजूचं बोट त्याच वाटेवर आहे. टाचणी टोचली तर राही म्हणते, काय करतेस? कळतच नाही तिला.

तडक किनाऱ्यावर गेले. चंद्राबाई वाळत घातलेल्या बोंबलांशी उभी होती, डोळे पाण्यावर. मग माझी जीभ सुटली. म्हटलं, चंद्राबाई, अनंता तुमच्या पोटचा, म्हणून त्याच्या जिवाला मोल. ही परक्याची पोर. हात सडून मेली तर दिवाळीनंतर दुसरी आणाल, बँडबाजा लावून! होडीत तुमचं रक्त आहे, घरात नाही.

मला वाटलं ही आता माझ्या झिंज्या उपटणार. पण नाही. एवढंच म्हणाली, "हात गेला तर तिचा जीव पन जाईल?"

म्हटलं, जाईल. मेलेल्या हाताचं विष अंगभर पसरतं.

ती पुन्हा पाण्याकडे बघत राहिली. मी तणतणत परत आले. दगडावर डोकं आपटलं तर डोक्यालाच टेंगूळ येतं, आणखी काय?

बुधवार, ११ ऑक्टोबर

जिंकले! जिंकले! जिंकले!

सकाळी दार उघडलं तर पायरीवर चंद्राबाई, आणि शेजारी राही — मनगट मोकळं! जागोजाग कातडी सोलवटलेली, बांगड्यांचे वळ खोल उठलेले, पण मोकळं! चंद्राबाईने खाली ओलं फडकं सारून एकेक बांगडी अडकित्त्याने मोडली म्हणे. एवढ्या नाजूकपणे की काचेचा कण रुतलेला नाही. राही हुंदके देत होती आणि सासू तिच्यावर ओरडत होती, "रडतेस कशाला? वाढवल्यात मी. तुज्या नवऱ्याला काय होत न्हाय. मी सांगतें ना!"

मी हात उशीवर ठेवला, लोकरीत गुंडाळला आणि नखं दाबत बसले. अंगठा — लाली. तर्जनी — लाली. मधलं बोट जरा नखरे करत होतं, मग तेही आलं. काय ते रूप! इतकं तांबडं, इतकं गोड काही मी आयुष्यात पाहिलेलं नाही. रक्त परत येताना भयंकर कळ येते. राही ओरडली आणि मी आनंदाने टाळी वाजवली. वेड लागलं मला!

शेवटी माझं शास्त्र पटलं म्हणायचं त्या तोफेला! काल किनाऱ्यावर दिलेला डोस लागू पडला. उगाच नाही मी तक्ता धरून उभी राहिले. चंद्राबाईला म्हटलं, बसा, चहा घ्या. तर अंगाभोवती घोंगडी घट्ट लपेटून "न्हाय" म्हणून निघाली. या उकाड्यात घोंगडी! म्हटलं, ताप आहे का, हात दाखवा. "माजं काय बगतेस? तिचं बग." बरं बाई, नका दाखवू. गुण मान्य करणं जिवावर येतं माणसाच्या.

गुरुवार, १२ ऑक्टोबर

करंगळीचं टोक जाणार. काळं पडलंय. बाकी हात राहिला. राही आज टोचल्यावर "आई गं" म्हणाली, आणि मी तिला त्याबद्दल खडीसाखर दिली.

वाडा मात्र तुटून पडलाय. चंद्राबाईच्या घरी कुणी विस्तव मागायला जात नाही. विहिरीवर बायका तिला जागा करून देतात — म्हणजे लांब सरकतात. होडीचा पत्ता नाही, वारा फिरलाय, आणि जो तो समुद्राकडे बघून मग तिच्या दाराकडे बघतो.

साहेबांची चिठ्ठी आली. बांगड्या निघाल्याचं कळलं, आनंद झाला. आपल्या व्याख्यानाचा हा प्रत्यक्ष परिणाम आहे असं वर कळवत आहेत. कळवा, कळवा! पुढच्या वेळी रावसाहेब करतील तुम्हाला.

शुक्रवार, १३ ऑक्टोबर

होडी आली.

सगळे आले! कोंडाजी, अनंता, सगळे. शीड फाटलंय, दोन दिवस वल्ही मारून आले, पण सगळे आले. मी दवाखाना उघडा टाकून धावले. मला विठोबा पाटलाचं तोंड बघायचं होतं. बघा म्हणावं, बांगड्या फुटल्या आणि नवरा सोळा आणे जिवंत!

अनंता उडी मारून उतरला. राही रडत, हसत, पट्टी बांधलेला हात वर धरून उभी. पाटील दर्याकडे तोंड फिरवून उभा. मी मनात म्हटलं, आता बोल!

मागून कोंडाजी उतरला. म्हातारा काळवंडलेला, ओठ फुटलेले. चंद्राबाई पुढे झाली त्याला धरायला. घोंगडी सरकली.

तिचा डावा हात कोपरापासून खाली मोकळा होता. एक बांगडी नाही. मनगटावर ओरखडे होते.

कोंडाजी त्या हाताकडे बघत राहिला.

"चंद्रे, हे काय?"

ती कधी लाजली नसेल इतकी लाजली. मग मान वर केली आणि सगळ्यांदेखत सांगितलं. मंगळवारी मी गेल्यावर ती एकटी खडकापर्यंत पाण्यात गेली होती. आधी आपल्या बांगड्या दगडाने फोडल्या आणि दर्यात टाकल्या. म्हणाली, "मी दर्याला बोलले, एक पायजे तर माजा घे. म्हातारा झालाय, लय जगलाय. पोराला सोड. मग पोरीच्या काढल्या."

शास्त्र पटलं होतं म्हणे! मी चहा पाजत होते तिला!

अनंता आईच्या पाया पडला. कोंडाजीने तिची सरकलेली घोंगडी उचलून पुन्हा तिच्या हातावर घातली आणि घरी चालू लागला. मला वाटलं, झालं, उद्या नव्या बांगड्या भरेल, दोन दिवस फुगून बसेल, संपलं.

शनिवार, १४ ऑक्टोबर

चंद्राबाईला बांगड्या भरायला कासार बोलावला होता. पाटलाने दारातून परत लावला.

पुन्हा सभा. काय हुशार माणसं आहेत! वकिलांनी यांच्याकडे शिकायला यावं. म्हणतात, अनंता सुटला, त्याचं देणं आईने फेडलं. पण कोंडाजीला बायकोने दर्याला देऊन टाकलाय. दिलेला माणूस आज ना उद्या दर्या मागणार, आणि मागेल तेव्हा होडीसकट मागेल. खलाशांनी सांगितलं, आम्ही कोंडाजीच्या होडीवर पाय ठेवणार नाही. चाळीस वर्षं दर्यावर काढलेला तांडेल! होडी किनाऱ्यावर कुजणार, घर उपाशी बसणार.

मग पाटलानेच तोड काढली. ती त्याची बायकोच नाही असं ठरवायचं. बायको नाही, तर बांगड्या त्याच्या नावाच्या नाहीत. बांगड्या त्याच्या नावाच्या नाहीत, तर दर्याला दिलं ते कुणीच नाही. होडी चालू! वा!

मी ओरडले. म्हटलं, तिने एक हात वाचवला, एक पोर वाचवली, आणि तुम्ही तिलाच कापून टाकता? पाटील शांतपणे म्हणाला, "नर्सबाय, घर जगवायला एक बोट सोडावं लागतं. तुमीच सांगितलंत म्हने तांडेलाला."

पाटलाने कोंडाजीला विचारलं, कबूल? म्हातारा पायाच्या अंगठ्याने वाळू उकरत होता. अनंता म्हणाला, "बा, नको." राही रडत होती. कोंडाजीने आधी होडीकडे बघितलं, मग खलाशांकडे. मग मान हलवली.

चंद्राबाई उठली, लुगडं झटकलं. "बरा हाय मानूस," इतकंच म्हणाली. "जाऊ दे दर्यावर."

मंगळवार, १७ ऑक्टोबर

चंद्राबाई माझ्याकडे राहते. दवाखान्याच्या मागच्या खोलीत. राही दुपारी गुपचूप भाकरी आणून देते.

आज बाजारात निघताना चंद्राबाई दारात थबकली. मोकळं मनगट उजव्या मुठीत धरून उभी. म्हणाली, "बाय, हात हलका लागतो. वाऱ्यावर जाईल असा. कवा थांबतं हे?"

मला पंधरा वर्षं झाली. मी म्हटलं, थांबतं लवकरच.